गोळेश्वरचा गडी हेलसिंकीला

(मलकापूर येथे रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)

मंडळी,

दिवसभर राबून तुम्ही इथं आला आहात. कुणी उसाला पाणी पाजून आलं, कुणी चूल आटोपून, पोराला झोपवून आलं. म्हणून आम्ही फार लांबण लावणार नाही. आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा आणि ऐका. आज आम्ही तुम्हांला एका आठवड्याची हकीकत सांगणार आहोत.

हा आठवडा १९५२ सालच्या जुलै महिन्यातला. जागा फार लांबची. युरोप खंडाच्या पार वरच्या टोकाला फिनलंड नावाचा थंड देश आहे. त्याची राजधानी हेलसिंकी. उन्हाळ्यात तिथं रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. त्या गावात हा आठवडा गेला. पण ज्या माणसाचा तो आठवडा, तो माणूस काही लांबचा नव्हे. तो आपल्या शेजारचा. कराडजवळच्या गोळेश्वरचा. खाशाबा दादासाहेब जाधव त्यांचं नाव.

नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यांनी पदक आणलं, हेही ठाऊक आहे. पण ते पदक कसं आलं आणि त्या आठवड्यात काय मिळालं, काय हुकलं, हे सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. तेच सांगायचं आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. घर शेतकऱ्याचं. पाच भावांत हे धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांनीच पोराला लहानपणी मातीत उतरवलं. पुढे खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. मग कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. १९४२ ची चळवळ झाली, तेव्हा भूमिगत माणसांना आसरा देण्यात या पोराचाही हात होता.

अंगानं ते फार धिप्पाड नव्हते. आपण पैलवान म्हटला की डोळ्यांपुढे दाराएवढा माणूस आणतो. खाशाबा तसे नव्हते. बुटके, चपळ, तारेसारखे. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि त्याला अंगावरून फेकायचं. समोरचा कळायच्या आत आस्मान बघायचा.

आता ऑलिंपिक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दर चार वर्षांनी साऱ्या जगातले खेळाडू एका गावी जमतात. धावणं, पोहणं, कुस्ती, हॉकी असे नाना खेळ होतात. पहिल्याला सोन्याचं पदक, दुसऱ्याला चांदीचं, तिसऱ्याला काशाचं. पदक छोटं असतं. पण ते मिळवायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

खाशाबा पहिल्यांदा ऑलिंपिकला गेले ते १९४८ साली, लंडनला. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. खाशाबा तेव्हा बावीस वर्षांचे. तिथं गेले आणि बघतात तो सगळंच निराळं. माती नाही, हौद नाही. खाली गादी. तुम्ही म्हणाल, कुस्ती ती कुस्तीच, माती काय अन् गादी काय! पण तसं नाही. मातीत पाय रुततो, गादीवर रुतत नाही. आपल्याकडे निकाली कुस्ती. पाठ लागेपर्यंत झुंजायचं, घड्याळ कुणी बघत नाही. तिकडे घड्याळ लावलेलं. ठरल्या वेळात कुणी चीत झाला नाही, तर पंच निकाल देणार. कुणी डाव जास्त केले, कुणाचा जोर चढता होता, ते पाहून.

खाशाबांना हे सगळं नवं होतं. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन वस्तादानं त्यांना तिथले नियम शिकवले. तशातही खाशाबा सहावे आले. साऱ्या जगात सहावा नंबर! दुसरा कुणी असता तर फेटा बांधून घेऊन गावभर फिरला असता. खाशाबांनी मात्र मनाशी गाठ मारली. आता नियम कळले. आता चार वर्षांनी पदक.

परत आल्यावर मेहनत दुप्पट केली. वजनही एक पायरी वाढवलं. लंडनला ५२ किलोच्या गटात खेळले होते. आता ५७ किलोच्या गटाची तयारी धरली.

१९५२ साल आलं. आणि घोडं अडलं.

पहिली अडचण निवडीची. मद्रासला निवडीच्या कुस्त्या झाल्या, तिथं एका गुणानं आपल्याला मागं ठेवलं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. माझी पुन्हा कुस्ती लावा, एवढंच त्यांचं मागणं. कुस्ती लागली. खाशाबांनी समोरच्याला चीत केलं. जाणं ठरलं.

दुसरी अडचण पैशाची. आज सरकार खेळाडूंना पाठवतं. तेव्हा तसं नव्हतं. खर्चाची जुळवाजुळव स्वतःच करायची. सरकारकडून थोडं मिळालं, ते पुरेना. मग गावोगाव पदर पसरला. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलं. तरी तोंडमिळवणी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर पुढे झाले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७००० रुपये उभे केले.

मंडळी, गहाण म्हणजे काय, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. तुमच्यापैकी कितीकांच्या घरात ते कागद असतील. सोनं गहाण टाकताना बाईचा हात थरथरतो. शेत गहाण टाकताना बापईच्या पोटात गोळा येतो. इथं एका गुरुजींनी परक्याच्या पोरासाठी घर गहाण टाकलं. हा पोर जिंकेल, असं त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. हरून आला असता तर कर्ज डोक्यावर होतंच.

खाशाबा हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्या पाठीवर हे एवढं ओझं होतं. कुणाचे पाच रुपये, कुणाची पायली, कुणाचं घर.

कुस्त्या २० जुलैला सुरू झाल्या आणि २३ जुलैला संपल्या. अवघे चार दिवस. इकडे कृष्णा-कोयनेला पावसाळ्याचं पाणी. तिकडे एका मोठ्या दिवाणखान्यात गाद्या अंथरलेल्या आणि सारे लोक परक्या भाषेत ओरडणारे. आपल्यातले दोघं कोल्हापूरकडून तिथं पोचले होते. एक खाशाबा आणि दुसरे केशव माणगावे. माणगावेही शर्थीनं लढले. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं.

खाशाबांची पहिली कुस्ती कॅनडाच्या पैलवानाशी. त्याला चीत केलं. दुसरी मेक्सिकोच्या पैलवानाशी. त्यालाही चीत केलं. मग जर्मनीचा गडी आला. तो टणक निघाला. पाठ लावून देईना. ती कुस्ती पंचांच्या निकालावर गेली आणि निकाल खाशाबांच्या बाजूनं लागला. तीन देश मागं पडले. आता पुढे राहिले तिघंच. जपानचा शोहाची इशी, रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि आपल्या गोळेश्वरचे खाशाबा.

या जपानी गड्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इशी मूळचा जुदो खेळणारा. जुदो ही जपानी झोंबी. लढाईत जपान हरला आणि जिंकणाऱ्यांनी जुदोवर बंदी घातली. मग हा कुस्तीकडे वळला. त्याच्याही पाठीमागं पोळलेला, भुकेला मुलूख होता. त्या वर्षी जपानला सोन्याचं एकच पदक मिळालं, ते याच इशीनं मिळवलं. म्हणजे समोरचाही काही सुखात वाढलेला नव्हता.

खाशाबा आणि इशी यांची कुस्ती बराच वेळ चालली. पंधरा मिनिटांची झुंज. गादीवर पंधरा मिनिटं म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी लंगोट लावला आहे त्यालाच कळेल. छाती भात्यासारखी होते. दंड दगडासारखे जड होतात. कुणी कुणाला चीत करू शकला नाही. पंचांनी निकाल इशीला दिला.

ठीक आहे. हार-जीत चालायचीच. पण पुढे काय झालं ते ऐका.

ही कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना पुकारा झाला. चला, रशियाच्या गड्याशी कुस्ती आहे. नियम असा होता, की दोन कुस्त्यांच्या मध्ये पैलवानाला निदान अर्धा तास विसावा मिळाला पाहिजे. नियम कागदावर होता. पण तो पंचांपुढे मांडायला आपला एकही अधिकारी त्या वेळी तिथं हजर नव्हता, अशी हकीकत पुढे सगळ्यांनी सांगितली आहे. परका देश, परकी भाषा, घामानं निथळणारा एकटा माणूस. तो कुणाला काय सांगणार? खाशाबा तसेच उभे राहिले. ती कुस्ती गेली.

अर्धा तास मिळाला असता तर खाशाबा जिंकले असतेच, असं आम्ही म्हणणार नाही. रशियाचा गडी जोरदार होता. कदाचित त्यानंच मारली असती. पण तो अर्धा तास खाशाबांचा होता. तो त्यांच्या हक्काचा होता. तो त्यांना मिळाला नाही. एवढं मात्र खरं.

इशीला सोनं, मामेदबेकोव्हला चांदी, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. दुसऱ्या दिवशी आपल्या हॉकीच्या संघानं नेदरलँड्सला ६ विरुद्ध १ असं हरवून सोनं घेतलं. साऱ्या देशानं हॉकीचा जयजयकार केला, आणि तो करायलाच हवा होता. पण हॉकीत अकरा जण असतात. एकट्यानं मिळवलेलं स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक खाशाबांचं.

त्यानंतर एकट्यानं पदक मिळवायला दुसरा भारतीय केव्हा आला, ठाऊक आहे? ४४ वर्षांनी! १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवलं. कुस्तीतलं पुढचं पदक तर २००८ साली आलं, सुशील कुमार यांचं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूनं एकट्यानं पदक मिळवायला ७२ वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे बंदुकीच्या नेमबाजीत तिसरा आला. म्हणजे मधल्या काळात किती पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, ते बघा.

खाशाबा परत आले. कराड स्टेशनावर माणूस मावेना. शंभरावर बैलगाड्या सजून आल्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. स्टेशनापासून गोळेश्वरला पोचायला त्या दिवशी सात तास लागले, असं सांगतात.

मंडळी, पुष्कळ जण गोष्ट इथंच संपवतात. मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, झालं. पण आम्हांला विचाराल, तर खरी कुस्ती खाशाबांनी याच्यापुढे मारली.

मिरवणूक संपली. गुलाल झटकला. आणि त्यांना आठवलं ते खर्डेकरांचं घर. पदक विकून घर सुटत नाही. तेव्हा खेळाडूंना सरकारकडून आजच्यासारखी लाखांची बक्षिसं मिळत नव्हती. खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली. तिकिटं लावली. स्वतः लंगोट लावून उतरले. जो पैसा जमला, त्यातून गुरुजींचं देणं फेडलं. गहाण सुटलं.

कुणी म्हणेल, त्यात काय मोठं? घेतलेलं परत केलं. पण आपण चार माणसं ओळखतो. मोठा झाल्यावर कर्ज विसरणारे कमी आहेत का? आणि ज्यानं हौसेनं दिलं, त्याला परत करणारे किती? खर्डेकरांनी काही मागणी केलेली नव्हती. खाशाबांनी आपणहून फेडलं. आमच्या लेखी हे पदक हेलसिंकीच्या पदकापेक्षा तोळाभर जड आहे.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. सत्तावीस वर्षांवर नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून उतरले. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

हयातीत त्यांच्या वाट्याला मान थोडाच आला. सरकारचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो ते गेल्यावर सोळा वर्षांनी. २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल खेळ झाले, तेव्हा कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली ठरवलं, की १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळायचा. चांगलंच झालं. पण जिवंतपणी पाठीवर थाप पडते, तिची सर मेल्यावरच्या हाराला येत नाही. आपल्या घरातल्या, गावातल्या कर्त्या माणसाला चार चांगले शब्द बोलायचे असतील, तर ते तो समोर बसलेला असतानाच बोलावेत.

आता शेवटचं. ही गोष्ट आम्ही या वर्गात का सांगितली? इथं काही तालीम नाही. तुमच्यापैकी कुणी आता ऑलिंपिकला जाईल, असंही नाही. मागच्या बाकावरच्या आबांना विचारलं, तर ते म्हणतील, आमची हाडं आता कुरकुर करतात.

आम्हांला तो अर्धा तास सोडत नाही, म्हणून सांगितली.

नियम होता. छापलेला होता. पण तो वाचून, बोट ठेवून, हे बघा असं लिहिलं आहे, असं म्हणणारा माणूस जागेवर नव्हता. म्हणून गड्याचा हक्क गेला. मंडळी, असे अर्धे तास आपले रोज जातात. दुकानात, कचेरीत, दवाखान्यात, बाजारात. नियम भिंतीवर लावलेला असतो. आपण त्याच्याखाली हात जोडून उभे असतो आणि आत बसलेला माणूस सांगेल ते खरं मानतो.

आपल्याच वर्गातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्या इथंच बसल्या आहेत आणि आत्ताच पदर तोंडाला लावून हसताहेत. मागच्या महिन्यात त्या एका कचेरीत पैसे भरायला गेल्या. खिडकीतला पोरगा म्हणाला, "वेळ संपली, उद्या या." आधी दोनदा त्या अशाच परत आल्या होत्या. येण्याजाण्याचं भाडं गेलं, रोजगार बुडाला. या खेपेला त्यांनी मान वर केली आणि खिडकीवरची पाटी वाचली. एकेक अक्षर जुळवून वाचली. मग म्हणाल्या, "बाळा, पाटीवर तीन वाजेपर्यंत लिवलंय. घड्याळात आत्ता सव्वादोन झाल्यात."

पोरगा वरमला. पैसे घेतले, पावती दिली.

मावशींनी भांडण केलं नाही. आवाज चढवला नाही. फक्त वाचलं आणि सांगितलं. हेलसिंकीत त्या दिवशी खाशाबांच्या बाजूला असं वाचून सांगणारं एक माणूस हवं होतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. खाशाबांकडून दोन गोष्टी घ्या. एक, नियम शिकून घ्या. लंडनला ते हरले, पण नियम शिकून आले, म्हणून हेलसिंकीला पदक मिळालं. दुसरी, ज्यानं आपल्यासाठी घर गहाण टाकलं, त्याचं घर सोडवल्याशिवाय निवांत झोपू नका.

आणि तिसरी गोष्ट खाशाबांकडून नव्हे, त्यांच्या गावाकडून घ्या. गावातलं एखादं पोर, मग तो मुलगा असो की मुलगी, लांब कुठं झुंजायला निघालं, तर त्याला भाड्याचे पैसे द्याच. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या बाजूला उभं राहील, त्याच्यासाठी कागद वाचील, दोन शब्द बोलेल, असं एक माणूस त्याच्याबरोबर धाडा. ते माणूस उद्या तुमच्यातलंच असेल.

गोळेश्वर इथून लांब नाही. रविवारी जमलं तर जाऊन या. खाशाबांच्या घरावर "ऑलिम्पिक निवास" असं नाव आहे. जोडाक्षर थोडं अवघड आहे. पण आता तुम्हांला ते वाचता येईल. नाव दुसऱ्या कुणाला विचारू नका. स्वतः वाचा, आणि बरोबर नेलेल्या नातवाला मोठ्यानं वाचून दाखवा.

आता दिवे मालवायची वेळ झाली. उद्या पाटी घेऊन या.

राम राम.